दात काढल्यानंतरची रात्र

शस्त्रक्रियेचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टी बहुधा शस्त्रावर खिळलेली असते. गुंगी आणणारा वायू प्रथम कोणी हुंगवला, याची साद्यंत हकीकत ग्रंथांतून सापडते. परंतु दात निघाल्यावर गालावर सूज आणि तोंडात रक्ताची चव घेऊन माणूस घरी परतला, म्हणजे चुलीवर काय उकळले गेले, त्याला काय भरवले आणि कशाची मनाई केली, हे कोणत्याही दप्तरात दाखल होत नाही. वस्तुतः दात काढणे हे घटकाभराचे काम. जखम भरून येणे हे पंधरवड्याचे, आणि ते बव्हंशी घराचे. दमणगंगेच्या काठी आमली-सिल्वासाच्या मुलुखात या घरगुती शुश्रूषेचा माग काढू गेले, तर तो वैद्याच्या बटव्यापाशी न थांबता थेट जंगलात, खैराच्या झाडाशी जाऊन पोचतो.

मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात १७७९ साली झालेल्या तहान्वये याच मुलुखातील, म्हणजे नगर हवेलीच्या, गावांचा महसूल पोर्तुगीजांना तोडून देण्यात आला. १७८३ मध्ये त्यांचा प्रत्यक्ष अंमल बसला आणि १७८५ मध्ये दादरा त्यांनी खरेदी केले. सिल्वासाला मुख्य ठाण्याचा दर्जा मिळाला तो पुढे शंभर वर्षांनी, १८८५ साली. दमण, गोवा आणि लिस्बन अशी कारभाराची उतरंड उभी राहिली खरी. पण वारली, कोकणा, धोडिया किंवा काथोडी पाड्यावर कोणाची दाढ ठणकू लागली, तर त्या उतरंडीचा उपयोग काय? गोव्यात १८४२ साली वैद्यकीय शाळा निघाली, तथापि पाड्यावरच्या वारल्याला पणजी ही लिस्बनइतकीच दूर होती. त्याला जवळचा तो भगत, नाहीतर बाजाराच्या गावचा न्हावी. बारा बलुतेदारांतल्या या कारागिराकडे श्मश्रूखेरीज फोड फोडणे, रक्त काढणे, हलता दात उपटणे अशी लहानसहान शस्त्रकर्मेही असत, आणि दाढी करताना कापलेल्या कातडीवर फिरवायची तुरटी दाताच्या रक्तालाही चाले. पोर्तुगालातही हे काम शतकानुशतके न्हावी-जर्राहांकडेच होते. शिवाय त्या लोकांनी दातदुखीसाठी अलेक्झांड्रियाची हुतात्मा अपोलोनिया ही स्वतंत्र संत मानली होती, आणि तिचा सण ९ फेब्रुवारीस पाळला जाई. तेव्हा या एका बाबतीत राज्यकर्ते व रयत यांच्यात फारसे अंतर नव्हते, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

आता खैराकडे वळू. या भागातील वनांत सागाच्या बरोबरीने खैर उभा असतो, आणि त्याच्या तांबड्या गाभ्यापासून कात काढणे हा काथोडी, म्हणजेच कातकरी, जमातीचा पिढीजात व्यवसाय होता. झाड पाडून, पांढरे लाकूड तासून टाकून, आतल्या लाल गाभ्याच्या चिपा करावयाच्या. मातीच्या मडक्यांची ओळ चुलाणावर मांडून त्या तासन्‌तास उकळावयाच्या. उतरलेला रस गाळून, पुन्हा आटवून, पाकासारखा दाट झाला की निववून त्याच्या वड्या पाडावयाच्या. धुराने डोळे चुरचुरत आणि हात कोपरापर्यंत तांबूस होत, असे हे काम. हाच कात विड्यात जाई, रंगाऱ्याकडे जाई आणि औषधातही पडे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापविलेल्या आपल्या ग्रंथात काताला स्वतंत्र संवाद दिला आणि तो निपजणाऱ्या मुलुखांत वसई व दमण यांची नोंद केली. पुढे युरोपातील औषधविक्रेत्यांनी या मालाला जपानहून येणारी माती ठरवून टाकले! झाडाचा रस मातीच्या नावाने विकला जात असताना तो उकळणारा काथोडी कोणाच्या गावीही नव्हता, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेजारच्या इंग्रजी ठाणे जिल्ह्यात जंगलखात्याचे निर्बंध आले, तेव्हा त्याची भट्टीही थंडावत गेली.

काताचा गुण त्यातील तुरट द्रव्यात आहे. हे द्रव्य रक्तातील व मांसातील प्रथिनांशी संयोग पावून त्यांना आकुंचित करते, त्यामुळे पाझरणारे रक्त आटोक्यात येते. बाभळीच्या सालीच्या काढ्याचाही गुण हाच. आजचे दंतवैद्य टाक्याभोवती थोडे रक्त पाझरत राहिल्यास ओली करून निववलेली चहाची पुडी दाताखाली धरावयास सांगतात, त्यामागेही हेच तुरट द्रव्य आहे. मुंबईहून आलेल्या पुडीतून आपल्या पणजीचाच उपाय पुन्हा दाताखाली येत आहे, हे रोग्याच्या ध्यानात येत नाही, इतकेच.

शास्त्राची परंपरा याहूनही जुनी. सुश्रुताने मुखरोगांच्या चिकित्सेत वरचा दात हलत असला तरी तो उपटू नये, अतिरक्तस्रावाने डोळा जातो अथवा तोंड वाकडे होते, असे बजावले आहे. यातील कार्यकारणभाव आज कोणी मान्य करणार नाही. परंतु रक्त थांबविण्याची हमी नसलेल्या काळात ही भीती शहाणपणाचीच होती. दंतरोग्याने आंबट फळे, थंड पाणी, कोरडे अन्न, कठीण खाद्य आणि दातवण वर्ज्य करावे, हे त्याचे पथ्य मात्र दवाखान्यातून मिळणाऱ्या आजच्या कागदाशेजारी ठेवले, तर थंड पाण्याखेरीज फारसा फरक करावा लागत नाही. या डोंगराळ मुलुखात पथ्याची सोयही आयती होती. नागलीची पातळ आंबील, निववलेली तांदळाची पेज, मऊ भात, यांहून जखमी तोंडाला अधिक मानवणारे अन्न शहरातल्या आहारतज्ज्ञालाही सुचणे कठीण.

जेथे रूढी चुकली, तेथे ती उत्साहापायी चुकली. तोंडात रक्त आले की थुंकावयाचे, चूळ भरावयाची, पुन्हा थुंकावयाचे, हा घराघरातला परिपाठ होता. त्यातच कोणी मोहाच्या दारूची चूळ सुचवी, कोणी चिमूटभर तंबाखू खाचेत दाबी. तंबाखू ही तर पोर्तुगीजांच्याच गलबतांतून या देशात उतरलेली वस्तू. दोन-तीन शतकांत ती येथील औषधी बटव्यात अशी रुळली की तिचे परकेपण कोणास आठवेना.

दंतवैद्यक हा शिकण्याचा विषय आहे, ही कल्पना इकडे उशिरा आली. मुंबईत नायर दंत महाविद्यालय १९३३ साली निघाले, देशात दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा १९४८ साली झाला, आणि लिग्नोकेन हे हिरडी बधिर करणारे औषध जगाच्या बाजारात त्याच सुमारास आले. सिल्वासा २ ऑगस्ट १९५४ रोजी मुक्त झाले व १९६१ मध्ये हा प्रदेश भारतीय संघराज्यात विधिवत सामील झाला. आता तेथे विनोबा भावे यांच्या नावाचे सरकारी रुग्णालय आहे, आणि आमलीच्या कारखान्यांत बिहार-ओडिशापासून खानदेशापर्यंतचे कामगार पाळ्यांनी राबतात.

अक्कलदाढ काढून खोलीवर परतणाऱ्या अशा कामगाराला जे सांगितले जाते, त्यात जुन्या परिपाठाची नेमकी उलटापालट आहे. कापसाचा किंवा जाळीच्या कापडाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरावा. लाळ थुंकू नये, गिळावी. पहिल्या दिवशी चूळ मुळीच भरू नये. नळीने काही ओढून पिऊ नये. बाहेरून गालावर बर्फ थोडा थोडा वेळ धरावा. उशी उंच घ्यावी. मिठाच्या कोमट पाण्याने हळुवार खळखळणे, तेही चोवीस तास उलटल्यावर. कारण रिकाम्या खाचेत गोठणारे रक्त ही घाण नसून उघड्या हाडावरचे झाकण आहे, आणि त्याच्याच आधाराने नवे मांस भरून येते. चूळ, चोखणे, विडी वा तंबाखू यांनी ते निसटले, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत जाणारा ठणका सुरू होतो. आमलीतला कामगार अशा वेळी दुकानातून वेदनाशामक गोळी घेऊन पाळीवर जातो, कारण एका खाड्याची मजुरी त्याला परवडत नाही. वास्तविक त्याने त्याच दिवशी दंतवैद्याकडे परतले पाहिजे. तो खाच धुऊन तीत लवंगेच्या तेलाचे औषध भरतो, आणि ठणका बहुधा लवकरच ओसरू लागतो.