पेला, किल्ली आणि बॉम्ब

दचकणं क्षणभराचं. धाकधूक मात्र आपल्याला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीमुळे लागते. आल्फ्रेड हिचकॉकची हीच रीत. ‘सस्पिशन’मध्ये (१९४१) नवरा जिन्यावरून दूध आणतो. त्यात विष असेल का? पेला उजळ दिसावा म्हणून आत दिवा ठेवला होता. ‘नटोरियस’मध्ये (१९४६) कॅमेरा उंचावरून थेट नायिकेच्या मुठीतल्या किल्लीवर उतरतो. वस्तू घरगुतीच, भीती आपली.

‘सॅबोटाज’मध्ये (१९३६) मात्र नकळत बॉम्ब नेणारा मुलगा लंडनच्या बसमध्ये मरतोच. तो प्रसंग मला आजही धड पाहवत नाही. फ्रान्स्वा त्रुफोला १९६२ साली दिलेल्या मुलाखतीत हिचकॉकनं ती चूक कबूल केली. मला वाटतं, जीव टांगणीला लावणाऱ्यानं अखेर सुटकाही करायची असते.