आध्यात्मिक शुष्कता : वसईच्या ख्रिस्ती परंपरेतील विचार व आचार

प्रार्थना चालू असूनही तिच्यात गोडी न वाटणे, मन भरकटत राहणे, देवाने आपल्याकडे पाठ फिरवली आहे असे वाटणे, या अवस्थेला ख्रिस्ती साधनाविचारात आध्यात्मिक शुष्कता म्हणतात. ती श्रद्धाहीनतेहून वेगळी मानली जाते. श्रद्धा सुटलेल्याला देव दूर असल्याची सहसा खंत नसते. शुष्कतेत तीच खंत छळत राहते. देवाचे प्रेम आणि त्या प्रेमाची जाणीव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जाणीव ओसरली म्हणून प्रेम ओसरत नाही, हे या विचाराचे मूळ सूत्र होय.

संकल्पना : जेज्विट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी आपल्या साधनाग्रंथात या अवस्थेची नियमबद्ध मांडणी केली. या ग्रंथाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. मनाच्या चढउतारांना त्यांनी सांत्वन (देवाचे सान्निध्य गोडीने जाणवणे) आणि शुष्कता अशा दोन बाजू कल्पिल्या. शुष्कतेची कारणे त्यांनी तीन सांगितली : साधनेतील हयगय, श्रद्धेची पारख आणि सांत्वन ही आपली कमाई नसून देणगी आहे याची जाण. त्यावरचे पथ्यही त्यांनी दिले. शुष्कतेच्या काळात आधी घेतलेला निर्णय बदलू नये, नेमाची प्रार्थना कमी न करता थोडी वाढवावी आणि सांत्वन लवकरच परत येईल हे लक्षात ठेवून धीर धरावा.

मन भरकटण्याचा प्रश्न आविलाच्या संत तेरेसा (१५१५–१५८२) यांनी हाताळला. कल्पनाशक्ती इकडेतिकडे धावत असताना आत्मा देवापाशी असू शकतो, म्हणून विचारांशी झगडण्यात शक्ती घालवू नये, असे त्यांचे मत होते. संत योहान ऑफ द क्रॉस (१५४२–१५९१) यांनी अंधारासारख्या वाटणाऱ्या या अनुभवाला शुद्धीकरणाची वाट मानले. मदर तेरेसा (१९१०–१९९७) यांचा खासगी पत्रव्यवहार २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दशकानुदशके देवाचे सान्निध्य जाणवत नसतानाही त्यांनी सेवाकार्य सोडले नव्हते, हे त्यातून उघड झाले.

वसईची पार्श्वभूमी : वसई १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. फ्रान्सिस्कन, जेज्विट, डॉमिनिकन व ऑगस्टिनियन संघांनी येथे मठ आणि चर्च उभारले. मराठा सेनानी चिमाजी अप्पांच्या मोहिमेनंतर पोर्तुगीज सत्ता संपली, परदेशी मिशनरी निघून गेले आणि अनेक चर्च ओस पडली. पुढील काळात एतद्देशीय धर्मगुरू आणि सामान्य कुटुंबे यांनी श्रद्धा जपली. वसईच्या भक्तिजीवनात घरच्या प्रार्थनेला असलेले वजन समजून घेताना हा इतिहास लक्षात घ्यावा लागतो.

संत गोन्सालो गार्सिया : वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया जेज्विटांच्या सहवासात वाढले आणि लहान वयातच त्यांच्याबरोबर जपानला गेले. धर्मशिक्षक म्हणून काम करताना ते जपानी भाषा शिकले. जेज्विट संघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा मात्र पुरी झाली नाही. ते व्यापारात पडले आणि त्यात त्यांचा जम बसला. नकाराने संशयाला आणि यशाने विस्मरणाला जागा मिळावी, असाच हा काळ होता. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. १५९३ मध्ये जपानला गेलेल्या फ्रान्सिस्कन मंडळींचे ते दुभाषी होते. आधीच्या वर्षांत अवगत केलेली भाषा अशी कामी आली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर मारल्या गेलेल्या २६ हुतात्म्यांत त्यांचा समावेश होता. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. वसईतील गास येथील चर्च त्यांच्या नावाचे आहे. साधनेच्या दृष्टीने त्यांचे चरित्र असे वाचता येते की, वाट अडली तेव्हा देवाचा हात दिसला नसला तरी मागे वळून पाहताना तो ओळखता येतो.

आचार : शुष्कतेवर वसईत रुळलेले उपाय बहुतांशी सामूहिक आहेत. संध्याकाळी घरातील लहानथोरांनी मिळून म्हटलेली जपमाळ, गावातील क्रुसापुढची प्रार्थना, रविवारची मिस्सा, राखेच्या बुधवारपासून सुरू होणारा उपवासकाळ आणि त्यातील चौदा टप्प्यांची क्रुसाची वाट हे त्यांतील प्रमुख होत. एखाद्याचे मन लागले नाही, तरी आजीचा किंवा शेजाऱ्याचा आवाज प्रार्थना पुढे नेतो आणि त्याला फक्त साथ द्यायची असते. व्यक्तिगत पातळीवर पापनिवेदन, धर्मगुरूंचे मार्गदर्शन आणि रात्रीचे आत्मपरीक्षण यांवर भर असतो. या आत्मपरीक्षणाची सुरुवात चुकांपासून न करता दिवसभरात मिळालेल्या चांगल्या गोष्टींच्या कृतज्ञ स्मरणाने करावी, असा इग्नेशियन शिरस्ता आहे. विरार लोकलच्या गर्दीत रोजचे तास घालवणाऱ्यांना तो प्रवासातही पाळता येतो.

व्यक्तिगत साधनेत बायबलवाचनही येते. ते सोपे व्हावे यासाठी वसईतील नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ हा अनुवाद केला. 

मराठी संतपरंपरेशी साम्य : रामदासांच्या ‘करुणाष्टकां’त चंचल मनाची कबुली आणि देवाच्या भेटीची तळमळ आहे. तुकारामांच्या अभंगांत विठ्ठलाशी भांडण आहे. शुष्कतेतील खंतेप्रमाणे येथेही तक्रार देवाजवळच केली जाते, आणि तक्रार करणे हा नाते टिकून असल्याचा पुरावा ठरतो. वारकऱ्यांचे सामूहिक भजन व वसईची कौटुंबिक जपमाळ यांचे कार्यही, मन न लागणाऱ्याला सोबत नेण्याच्या बाबतीत, सारखेच आहे.

मर्यादा : शुष्कता आणि नैराश्याचा आजार यांत गल्लत होऊ देऊ नये. शुष्कतेत माणसाची रोजची कामे, झोप आणि इतरांविषयीची आस्था सहसा शाबूत राहते. झोप व भूक उडणे, कशातच रस न उरणे किंवा जगणे नकोसे वाटणे ही आजाराची लक्षणे असू शकतात. दोन्ही एकाच वेळी असणेही शक्य आहे. अशा वेळी मनोविकारतज्ज्ञांकडे जाणे आवश्यक असते. उपचार घेण्याने श्रद्धेला बाध येत नाही.