बोकडाच्या पायाखालचे चित्र

आधुनिक कलेबद्दलचे एक मत इतके घोटले गेले आहे की ते आता कुणी तपासूनही पाहत नाही. मत असे की, चित्र आणि शिल्प एकत्र आणणारे 'असेंब्लाज' म्हणजे फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँच्या थट्टेचाच पुढचा अंक. टाकाऊ वस्तू दालनात नेऊन ठेवायची आणि चित्रकलेला मूठमाती द्यायची! अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्गवर तर 'नव-दादावादी', म्हणजे कलेचीच थट्टा करणाऱ्या दादावादाचा नवा वारस, हा शिक्का कायमचाच बसला. मला हे मत साफ चुकीचे वाटते आणि ते खोडायला राउशेनबर्गचा बोकड पुरेसा आहे.

पूर्वपक्षात काहीच तथ्य नाही असे नाही. पिकासोने १९१२ मध्येच वेताच्या विणीचे छापील मेणकापड चित्रात चिकटवले होते. जर्मन कलावंत कुर्ट श्विटर्सने रद्दी आणि तिकिटांतून चित्रे रचली होती. वस्तू चित्रात आणण्याचा मान राउशेनबर्गचा नाहीच. पण द्युशाँ वस्तू निवडताना तिच्या रूपाबद्दल उदासीन राहायचे म्हणत असे, आणि खरा फरक इथेच पडतो.

राउशेनबर्गला न्यूयॉर्कमधल्या जुन्या सामानाच्या दुकानात पेंढा भरलेला अंगोरा बोकड मिळाला. त्याचे तोंड खराब झाले होते, ते त्याने रंगांच्या जाड थरांनी झाकले. मग १९५५ ते १९५९ अशी चार वर्षे या बोकडाला जागा सापडेना. आधी तो भिंतीवरच्या चित्राला लागून फळीवर बसवला, पण मग त्याची एकच बाजू दिसू लागली. नंतर पोटाभोवती टायर अडकवून उभ्या चित्रापुढे ठेवला, तर तो चित्र ओढून नेणारे जनावर वाटू लागला. अखेर चित्रकार जॅस्पर जॉन्सने सुचवल्यावरून चित्रच जमिनीवर आडवे झाले आणि बोकड त्यावर उभा राहिला. तेव्हा कुठे 'मोनोग्राम' ही कलाकृती पुरी झाली. ज्याला वस्तूच्या रूपाशी देणेघेणे नाही, तो चार वर्षे असा झगडत नाही. कुठली गोष्ट कुठे ठेवली म्हणजे चित्र जमते, हा चित्रकाराचाच प्रश्न आहे.

अंथरुणावरच रंगवलेले त्याचे १९५५ चे 'बेड' पाहा. गोधडीची नक्षी इतकी ठसठशीत होती की रंग तिच्यावर चढेना. पांढरी उशी आणि चादर जोडली, तेव्हा रंगाला श्वास घ्यायला जागा मिळाली. उशीवरून ओघळलेला रंग पाहून ज्यांना इथे चित्रकलेचा अंत दिसतो, त्यांनी चित्र पाहिलेलेच नाही असे मी म्हणेन.

या कामाचा पुढच्या कलेवर जो परिणाम झाला, तोही थट्टेतून झालेला नाही. समीक्षक लिओ स्टाइनबर्ग यांनी १९६८ च्या व्याख्यानात तो नेमका पकडला. चित्र म्हणजे बाहेरचे जग दाखवणारी खिडकी, ही जुनी समजूत इथे सुटली. चित्र आता टेबलासारखे, छापखान्याच्या सपाट पाटासारखे झाले. त्यावर काहीही येऊन पडू शकते, पसरू शकते, नोंदले जाऊ शकते. पुढे मांडणशिल्पाला जी मोकळीक मिळाली, तिची एक वाट या आडव्या पाटावरून जाते.

१९६४ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिकात राउशेनबर्गला आंतरराष्ट्रीय सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तो चित्रकलेसाठी. 'मोनोग्राम' आज स्टॉकहोमच्या मॉडर्ना म्युझियममध्ये आहे. तिथे जाल तेव्हा, किंवा नुसते छायाचित्र हाती येईल तेव्हाही, बोकडावरून नजर खाली आणा आणि त्याच्या पायाखालचे चित्र आधी पाहा.