कामणच्या बाजूने वसई

एखाद्या खवय्याने एकट्यानेच दिवसभर वसई-विरार पालथं घालायचं ठरवलं, तर त्याची वाट बहुधा पश्चिमेला वळते. अर्नाळ्याचे सुके बोंबील, आगाशीची सुकेळी, ख्रिस्ती घरांतले फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे) आणि इंद्याल (मांसाचा मसालेदार रस्सा) एवढ्यात दिवस भरतो. वसईच्या अन्नाचा इतिहास मात्र अर्धाच हाती लागतो. उरलेला अर्धा रुळांच्या पूर्वेला, जूचंद्र आणि खारबाव या स्थानकांच्या मधल्या कामणला आहे. या तालुक्यात कोण काय खातं, हे धर्मावर आणि राज्यकर्त्यांवर ठरलं असं सांगितलं जातं. माझ्या मते त्याहून जास्त ते पाण्यावर आणि जमिनीवर ठरलं.

पश्चिम पट्ट्यात जमिनीखाली गोडं पाणी हाताशी होतं. पूर्वजांनी खणलेली बावखलं, म्हणजे गोड्या पाण्याची तळी, आणि विहिरींवरचे रहाट यांवर केळीच्या नि पानवेलींच्या वाड्या उभ्या राहिल्या. वाडीला बारमाही पाणी, म्हणून पीक घरच्या गरजेपेक्षा जास्त. ते टिकवण्यासाठी राजेळी केळी उन्हात सुकवून सुकेळी झाली, आणि उरलेलं फळ मुंबईच्या बाजाराला गेलं. कामणला ही चैन नव्हती. मागे तुंगारेश्वरची रांग आणि दोन हजार फुटांहून उंच कामणदुर्ग, पुढे खाडी. डोंगराचं पाणी पावसाळ्यात धो धो येतं आणि निघून जातं. खाडीचं खारं पाणी भरतीला आत शिरतं. मधल्या जमिनीत एकच पीक बिनधोक, पावसाळी भात. त्यामुळे इथल्या ताटात तांदळाची भाकरी, भात, खाडीतले निवटे, चिंबोरी, कोळंबी, आणि दर्या बंद असताना साठवणीतली सुकट. भात देणारी खाजणं बांध घालून समुद्राकडून मिळवलेली, आणि सुकी मासळी टिकवणारं मीठही त्याच खाऱ्या पट्ट्यातल्या मिठागरांचं.

हा भात डोंगराशिवाय पिकत नव्हता, आणि माझ्या म्हणण्याचा सगळ्यात बळकट पुरावा इथेच आहे. रोप टाकण्याआधी जमिनीवर फांद्या, पाला, शेण पसरून जाळायचं, म्हणजे राब करायचा, ही ठाण्या-कुलाब्याची जुनी रीत. त्यासाठी झाडं छाटावी लागत. 1878च्या वनकायद्यानंतर जंगलं राखीव होऊ लागली, राबाला पाला मिळेना, आणि ठाणे-कुलाब्यातली ओरड इतकी वाढली की 1885मध्ये मुंबई सरकारला वनचौकशी आयोग नेमावा लागला. जंगलाचा पाला अडला की सखल भागातल्या शेतकऱ्याची भाकरी अडत होती, याची त्या काळच्या सरकारलाही दखल घ्यावी लागली. आगरी शेतकऱ्याचं शेत आणि वारली-कातकऱ्यांचं रान ही दोन वेगळी जगं मानली, तर हा वाद कळतच नाही.

रानाचा स्वतःचा स्वयंपाकही आहे. मृगाच्या आसपास जमिनीतून वर येणारी शेवळी तशीच शिजवली तर घसा खाजवते, कारण तिच्यात सुईसारखे स्फटिक असतात. त्यावर उपाय काकडाच्या झाडाच्या आंबट फळांचा. त्याच दिवसांत रानात ती फळं मिळतात. एका झाडाची खाज दुसऱ्या झाडाच्या आंबटाने मोडायची, हे ज्ञान कुठल्या पुस्तकातून आलेलं नाही. कोरळा, लोत, टाकळा, कुर्डू, बांबूचे कोंब अशी पुढची रांग आहेच. भाताचं कणगं रिकामं होतं, तेव्हाच रान भरतं. गरिबाच्या घरी ही हौस नव्हती, दोन महिन्यांचा आधार होता.

यावर सरळ आक्षेप असा की 1534पासून 1739पर्यंत पोर्तुगीज होते, वसईच्या जेवणावरचा त्यांचा ठसा कसा नाकारायचा? नाकारायचा नाहीच. इंद्याल त्यांच्यामुळेच आला. पण त्यांचा अंमल कामणच्या बाजूलाही होता. मग त्यांनी आणलेली मिरची डोंगरातल्या शेवटच्या पाड्यापर्यंत पोचली आणि पाव का पोचला नाही? मिरचीला परसातला तुकडा पुरतो आणि ती भाकरीच्या कडेला बसते. पावाला विकतचा गहू लागतो, भट्टी लागते. फुगेसुद्धा किनाऱ्यावरच्या ताडीने फुगले. राज्यकर्त्याने वस्तू आणली; ती कुठे रुजेल हे जमिनीने आणि खिशाने ठरवलं. धर्मांतराने काय खायचं यात फरक पडला, हेही खरं, तरी तांदूळ आणि सुकी मासळी हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही घरांत तीच राहिली.

दुसरा आक्षेप आजचा आहे. चिंचोटी-कामण-भिवंडी रस्त्यावर आता गोदामं, कारखाने आणि अवजड गाड्या. तिथे जेवायला बसणारे बरेचसे कामगार परप्रांतातले. त्यात जुनं काय शोधायचं? माझं उत्तर असं की ढाब्यावरची रोटी हाही या जागेचाच इतिहास आहे, तो टाळून जाणारा खवय्या लबाडी करतो. शेती मागे हटली, मजुरी आली, तसं ताट बदललं. 1885च्या वादातही ताट आणि जमीन अशीच एकत्र होती. मात्र रानभाजीचा प्रश्न मागे हटण्याचा नाही, हक्काचा आहे. 2003मध्ये तुंगारेश्वर अभयारण्य झालं. 2006च्या वनहक्क कायद्याने अभयारण्यातही गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क मान्य केला आहे, म्हणून जूनमध्ये टोपलीत शेवळी घेऊन रस्त्याकडेला बसलेल्या बाईकडे कौतुकाने पाहण्याआधी तिला रानात मोकळेपणी जाता येतं का, हे विचारायला हवं.