मुगुमोचें झाड

पूर्वजांनीं घालून दिलेल्या एखाद्या निषेधाचें कारण विचारलें, तर "तें देवाचें आहे, हात लावूं नये," एवढेंच उत्तर बहुधा मिळतें. आपल्या सह्याद्रींतील देवराईंतून वाळकी काटकीसुद्धां घरीं आणावयाची नाहीं, हा नियम ज्यांनीं पिढ्यान् पिढ्या पाळला, त्यांनींही याहून अधिक खुलासा क्वचितच केला असेल. सुशिक्षित मनुष्य असल्या उत्तरास हंसतो आणि निषेध मोडतो. मोडल्यानंतर काय होतें, हें पाहावयास मात्र तो सहसा थांबत नाहीं. आफ्रिकेंतील केनिया देशांत एका मुलीनें तें डोळ्यांनीं पाहिलें, आणि त्या पाहण्यानें तिच्या सबंध आयुष्यास वळण लागलें. वंगारी मथाई हें तिचें नांव.

वंगारीबाईंचा जन्म ता. १ एप्रिल १९४० रोजीं न्येरी जिल्ह्यांतील इहिथे या खेड्यांत, किकुयू जमातीच्या एका शेतकरी कुटुंबांत झाला. ज्या बर्फाच्छादित पर्वतावरून देशास केनिया हें नांव मिळालें, त्यास किकुयू लोक किरिन्यागा म्हणत. न्गाई या त्यांच्या देवाचें तें निवासस्थान. प्रार्थना करावयाची ती त्या पर्वताकडे तोंड करून. वंगारीच्या घराजवळ मुगुमो म्हणजे वड-उंबरांच्या वर्गांतील एक प्रचंड वृक्ष होता. सरपण गोळा करावयास निघालेल्या मुलीस आई बजावी कीं, त्या झाडाखालची वाळकी काटकीही आणूं नकोस. तें देवाचें झाड. तें आपण तोडीत नाहीं आणि जाळीतही नाहीं. झाडाजवळच एक झरा उगम पावे. त्याच्या कांठीं बेडकांच्या अंड्यांचे पुंजके मण्यांसारखे चकाकत. त्यांची माळ करून गळ्यांत घालावी म्हणून त्या पोरीची खटपट चाले, आणि हातांत घेतांच ते मणी फुटून विखरून जात.

हा मुलूख त्या वेळीं इंग्रजांच्या अंमलाखालीं होता. उत्तमोत्तम जमिनी गोऱ्या वसाहतवाल्यांकडे गेल्या होत्या. चहाकॉफीचे मळे पसरत होते. डोंगरावरचीं मूळचीं रानें तोडून तेथें पाइन, निलगिरी असलीं झटपट वाढणारीं परदेशी झाडें लावण्यांत येत होतीं. देव कांहीं पर्वतावर राहत नाहीं, असें पाद्री लोक सांगत. त्यांच्या शाळांनीं पुष्कळांचें कल्याणही केलें. स्वतः वंगारीबाई त्याच शाळांत शिकल्या. परंतु देव डोंगर सोडून गेल्यावर मागें उरला तो केवळ लांकडाचा आणि जमिनीचा सांठा, व सांठ्याशीं मनुष्य कसा वागतो हें सांगावयास नको.

१९६० सालीं त्या शिक्षणासाठीं अमेरिकेस गेल्या. १९६४ मध्यें कॅन्सस संस्थानांतील एका कॉलेजांतून त्यांनीं जीवशास्त्राची पदवी घेतली, १९६६ मध्यें पिट्सबर्ग येथें पुढील पदवी मिळविली, आणि १९७१ मध्यें नैरोबीस त्यांस डॉक्टरेट मिळाली. पूर्व व मध्य आफ्रिकेंत तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत. स्वदेशीं परतल्यावर केव्हांतरी त्या आपल्या गांवीं गेल्या, तों मुगुमो जागेवर नव्हता. ती जमीन घेणाऱ्या गृहस्थास तें झाड उगाच जागा अडवितें असें वाटलें, व चहा लावण्यासाठीं त्यानें तें पाडलें होतें. झराही आटला होता. आतां जीवशास्त्राच्या विदुषीस उमगलें कीं, मुगुमोचीं मुळें खडक फोडून खोल भूजलापर्यंत पोंचतात, त्यांच्या आधारानें पाणी वर येतें, आणि उतारावरील माती जागच्या जागीं राहते. आईस यांतील एक अक्षरही ठाऊक नव्हतें. तरी या शास्त्राचें फळ तिच्या निषेधानें राखलें होतें.

१९६३ सालीं केनिया स्वतंत्र झाला, पण कुऱ्हाड थांबली नाहीं. १९७५ च्या सुमारास खेड्यापाड्यांतील स्त्रिया स्त्रियांच्या राष्ट्रीय परिषदेपुढें आपलीं गाऱ्हाणीं मांडूं लागल्या: सरपण मिळत नाहीं, पाणी दूर गेलें, मुलांस पोटभर सकस अन्न नाहीं. वंगारीबाईंस या सर्व दुःखांचें मूळ एकच दिसलें. ता. ५ जून १९७७ रोजीं नैरोबींतील कामुकुंजी बागेंत सात झाडें लावून त्यांनीं हरितपट्टा चळवळीचा आरंभ केला. निरक्षर बायकांस रोपें करतां येणार नाहींत, त्यास शिक्षण लागतें, असें जंगलखात्याच्या अधिकाऱ्यांचें मत पडलें. बायकांनीं स्थानिक झाडांचें बीं गोळा केलें, हाताशीं लागेल त्या भांड्यांत रुजविलें, आणि जगलेल्या प्रत्येक रोपामागें त्यांस अल्पसा मोबदला मिळूं लागला. पाहतां पाहतां रोपांची संख्या लाखांवर आणि पुढें कोटींवर गेली.

येथें एक गोष्ट वाचकांनीं विसरूं नये. परंपरा सर्वस्वीं या बाईंच्या बाजूची होती असें नाहीं. १९८९ मध्यें नैरोबीच्या उहुरू बागेंत साठ मजली इमारत उभारण्याचा सरकारचा बेत त्यांनीं हाणून पाडला, तेव्हां खुद्द अध्यक्ष मोई यांनीं त्यांस जाहीरपणें आफ्रिकन परंपरेचीच आठवण दिली. ती ही कीं, बाईनें पुरुषांचा मान राखावा व गप्प बसावें. वंगारीबाईंनीं आईचा निषेध घेतला आणि अध्यक्षांचा टाकला. १९९९ च्या जानेवारींत, बिल्डरांच्या घशांत जाणाऱ्या करुरा रानांत झाड लावावयास त्या गेल्या असतां भाडोत्री माणसांनीं त्यांचें डोकें फोडलें. तेव्हां पोलिसांतील फिर्यादीवर त्यांनीं स्वतःच्या रक्तानें सही केली. जुनें सर्वच पूज्य मानणें अथवा सर्वच झुगारणें हे दोन्ही सोपे मार्ग होत. त्यांनीं तिसरा पत्करला: आजीआईंच्या वचनांतील पाणी राखणारें कोणतें आणि तोंड बंद करणारें कोणतें, हें निवडून पाहण्याचा.

२००४ सालीं नोबेल शांतता पारितोषिक त्यांस जाहीर झालें. तो मान मिळविणारी ही पहिली आफ्रिकन स्त्री. बातमी आली त्या वेळीं त्या न्येरीकडे निघाल्या होत्या. तेथेंच केनिया पर्वतासमोर गुडघे टेकून त्यांनीं एक झाड लावलें. ता. २५ सप्टेंबर २०११ रोजीं कर्करोगानें त्यांचें देहावसान झालें. आपल्या शवपेटीसाठीं झाड तोडूं नये, अशी त्यांची इच्छा होती. म्हणून बांबू, जलपर्णी व लव्हाळा यांची पेटी विणविण्यांत आली. काटकीसुद्धां आणूं नकोस म्हणून सांगणाऱ्या आईचा शब्द मुलीनें असा अखेरपर्यंत पाळला. आईनें तो कारण न विचारतां पाळला होता. मुलीनें कारण शोधून, देशभर सांगून, आणि त्यासाठीं मार खाऊन पाळला.