‘जर’ आणि ‘तर’ यांचें संख्याशास्त्र

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यांत ताडकळस हें गांव आहे. तेथील कोरडवाहू शेतकऱ्यास पेरणीच्या वेळीं एकच प्रश्न पडतो: पाऊस अमुक इतका झाला, तर पीक किती पदरीं पडेल? यांतील ‘जर’ कायम ठेवून ‘तर’च्या सर्व शक्यता त्यांच्या प्रमाणासह मांडणें, यास संख्याशास्त्रांत सशर्त वितरण म्हणतात. सरासरी ही त्या वितरणाची केवळ एक खूण होय. दोन शेतांची सरासरी सारखी असूनहि एकांत दरसाल बेताचें पिकतें, तर दुसऱ्यांत एक साल सुगी व एक साल धूळ, असें घडतें. सावकाराचें देणें सरासरीनें फिटत नाहीं.

१८८६ सालीं फ्रान्सिस गाल्टन यांनीं ९२८ प्रौढ अपत्यांच्या व त्यांच्या आईबापांच्या उंचीचें कोष्टक प्रसिद्ध केलें. आईबापांची उंची ठराविक असतां अपत्यांची उंची कशी विखुरते, हें त्यांत ओळीओळीनें दिसे. पुढें मात्र सरळ रेषा व घंटाकृति वक्ररेषा हे सांचे इतके सोयीचे ठरले कीं, आकडे सांच्यांत बसविणें हीच बहुधा रीत झाली. निसर्ग त्या सांच्यांत न मावल्यास उत्तर चुकतें.

सांच्यावांचून चालण्याची एक वाट प्रशांतचंद्र महालनवीस यांनीं १९६० सालीं दाखविली. कुटुंबें चढत्या क्रमानें लावावीं, त्यांचे समसंख्य गट पाडावे, प्रत्येक गटाची सरासरी काढून बिंदु जोडावे. सूत्र आधीं गृहीत धरूं नये. दोन स्वतंत्र नमुन्यांवरून दोन रेषा काढल्या, म्हणजे त्यांमधील अंतरावरून अनिश्चिततेचा अदमास येतो.

१९६४ सालीं जॉर्जियाचे नादाराया व ऑस्ट्रेलियांत जन्मलेले जेफ्री वॉटसन यांनीं, परस्परांहून स्वतंत्रपणें, शेजाऱ्यांस वजन देण्याची रीत मांडली. वॉटसन यांचा निबंध महालनवीसांनीं १९३३ सालीं सुरू केलेल्या ‘संख्या’ या नियतकालिकांतच छापला गेला. यंदाच्या पावसाशीं ज्या वर्षांचा पाऊस अधिक जुळतो, त्या वर्षांच्या पिकास अधिक वजन द्यावें, हें तिचें मर्म. हींच वजनें वापरून सरासरीच नव्हे, तर संपूर्ण वितरणहि काढतां येतें. मात्र शेजार फार आखूड घेतला तर मोजकींच वर्षें हातीं उरतात. फार लांबविला तर अवर्षण व अतिवृष्टि एकाच पंगतीला बसतात. शिवाय नोंदी विपुल लागतात.

महाराष्ट्रांत या प्रश्नाची धग पीकविम्यांत जाणवते. पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर यांनीं १९७६ सालीं सुचविलें कीं, प्रत्येक शेतकऱ्याच्या उत्पन्नाच्या नोंदी मिळणें दुर्घट. म्हणून एकसारखा प्रदेश हाच विम्याचा घटक धरावा. १९८५ सालची देशव्यापी योजना या तत्त्वावर उभी राहिली व पुढील योजनांनींहि प्रमुख पिकांकरितां तेंच स्वीकारलें. तत्त्व व्यवहार्य खरें. पण प्रदेशाचें उत्पन्न ठराविक असतां त्यांतील एकेका शेताचें उत्पन्न किती विखुरतें, हा प्रश्न उरतोच. पावसानें ओढ दिली तर खोल काळी जमीन तग धरते, मुरमाड माळ करपतो. सर्वांची सरासरी उंबरठ्यावर राहिली, तर माळाचा धनी रिक्तहस्त परततो.

गणित हा अन्याय एकटें दूर करणार नाहीं. परंतु सरासरीच्या आड किती जण बुडाले, हें तें दाखवूं शकतें. आणि जें दिसतें त्याचाच जाब विचारतां येतो.