तळटीप १२ : चेतापेशींची ढाल

१२. प्रतिऑक्सिडीकारके : लेखक ही जणू विषावरचा उतारा मानतात, ते जपून घ्यावे. रायपूरच्या नैर्ऋत्येला, अंबागड चौकीजवळच्या कौडीकसा गावात खडकांतूनच भूजलात आर्सेनिक हे धातुसदृश विष उतरते. पेशीतल्या ग्लुटाथायोन या प्रतिऑक्सिडीकारकाच्या गंधकाला ते चिकटते. मग भरपूर प्राणवायू वापरणाऱ्या, मेदबहुल चेतापेशींची ढाल पातळ होते, हातापायांना मुंग्या व बधिरता येते. मग ‘क’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वे पुरेशी नाहीत का? प्रयोगशाळेतल्या उंदरांत त्यांनी हानी कमी केली, हे खरे. पण तिथली मोजकी मात्रा आणि माणसाने वर्षानुवर्षे प्यालेले पाणी यांची बरोबरी होत नाही. शिवाय ढाल कितीही भक्कम असली, तरी बाण थांबवावेच लागतात. म्हणून लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची मर्यादा पाळणारे पाणी आधी, गोळी नंतर. — संपादक